दापोड्याच्या गोदामात आमची माणसं

भिवंडी पाहायला म्हणून कुणी जात नाही. तिथे माल जातो, ट्रक जातात, पोटासाठी माणसं जातात. मी पुण्याहून गेले तीही कामासाठीच. निघताना ओळखीच्यांनी एवढंच सांगितलं होतं की नाकाला रुमाल बांध. धुळीबद्दल त्यांचं खरं निघालं. बाकी जे दिसलं त्याची कल्पना त्यांनाही नव्हती आणि मलाही. परत आल्यावर बरेच दिवस या प्रवासाबद्दल मी कुणाशी नीट बोलूही शकले नाही.

आधी माझ्याबद्दल सांगते. माझं नाव एस्तेर. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्या वाडवडिलांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या शब्बाथला, ते बंद असत, म्हणून गावं आम्हाला शनिवार तेली म्हणायची. आमची घरातली भाषा मराठीच. मी शाळेत तीच शिकवली, आणि निवृत्त झाल्यापासून समाजातल्या मुलांना हिब्रू प्रार्थना शिकवते. एका वेबमालिकेच्या लोकांना माझा नंबर मिळाला. कोकणातल्या ज्यू कुटुंबाची गोष्ट आहे, शूटिंग भिवंडीत आहे, नटांना प्रार्थना म्हणायला शिकवा आणि चालीरीतींवर लक्ष ठेवा, असं काम होतं. आमच्यातले बहुतेकजण इस्राएलला निघून गेले. इथे उरलेल्यांवर कुणी मालिका काढतंय याचाच मला इतका आनंद झाला की मी लगेच हो म्हटलं.

काल्हेर

ठाण्याची खाडी ओलांडली की काल्हेर लागतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं, त्यांच्या मागे नव्या इमारती, आणि मधूनच एखादं तुकडाभर भाताचं शेत. आमची उतरायची सोय एका नव्या इमारतीत होती आणि सेट जवळच्याच एका गोदामात.

आत गेले आणि दारातच थबकले. समोर ज्यू घर उभं केलं होतं. भिंतींवर, पडद्यांवर, अगदी उशांच्या अभ्र्यांवरसुद्धा सहा टोकांचे तारे. प्रत्येक टेबलावर सात वातींची समई. कुटुंबातल्या आजीला काळा पायघोळ झगा आणि डोक्याला काळा रुमाल, आणि सगळी नातवंडं तिला 'मम्मा' म्हणत होती.

दिग्दर्शक निरंजन तिशीतला, बोलायला गोड. मी त्याला सांगितलं की माझी आजी नऊवारी नेसायची. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा, आणि शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावताना डोक्यावरून पदर. तो म्हणाला, "एस्तेरताई, मग ती लोकांना ज्यू वाटणारच नाही."

मी विचारलं, "मी वाटते का?"

तो हसला आणि म्हणाला, "तुम्ही तर अगदी सदाशिव पेठेतल्या काकू वाटता."

राग यायला हवा होता, पण मला धक्काच बसला होता. माझ्यावरची गोष्ट सांगायची तर आधी मला त्यातून काढून टाकायला हवं, असा त्याचा अर्थ होत होता. कलादिग्दर्शिका सायली जवळच उभी होती. तिने नंतर हळूच येऊन आजीच्या साडीबद्दल सगळं विचारून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत कुठून तरी नऊवारी पैदा केली. निरंजननेही ती मान्य केली. तारे तेवढे राहिले.

जेवणाचेही हाल झाले. आम्ही मटण-कोंबडीबरोबर, आणि आमच्या घरी मासळीबरोबरही, दूध, दही, तूप खात नाही. सेटवरच्या कोंबडीत दही आणि डाळ-गोश्तवर लोणी. मग पहिल्या दिवशी मी चपाती, काकडी आणि घरून नेलेल्या खजुरांवर भागवलं. एवढं सोडलं तर दिवस चांगला गेला. नट मंडळी मन लावून शिकत होती. आजीचं काम करणाऱ्या बाईंनी दिव्याची प्रार्थना इतक्या मायेने म्हटली की माझा सकाळचा धक्का बराच निवळला.

दापोडे

दुसऱ्या दिवशी दापोड्याला जायचं होतं. अंतर थोडंच, पण वाटेत कंटेनरची रांग आणि खड्डे, त्यामुळे रिक्षात बसून हाडं खिळखिळी झाली. दापोडं हे नावाला गाव. गाव कुठे संपतं आणि गोदामं कुठे सुरू होतात ते कळत नाही. इथल्या मोठ्या गोदामात दफनभूमीचा सेट होता. गोष्टीतला खलनायक जमिनीसाठी ज्यूंची जुनी दफनभूमी उखडतो, असा मालिकेतला प्रसंग होता.

आत माती पसरलेली, सुकं गवत रोवलेलं, कापडी वडाच्या पारंब्या, आणि मधे आठ-नऊ दगड उभे. मी सायलीला म्हटलं की कालच्या घरापेक्षा हे शंभर पटींनी छान जमलंय. दगडांवर वर हिब्रू आणि खाली जुन्या वळणाचं मराठी. 'वारली' मधला ल जुन्या पद्धतीचा. एवढा अभ्यास कुणी केला म्हणून मी कौतुकाने जवळ गेले आणि एका दगडावर हात ठेवला.

दगड गार होता. कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत वाळकं शेवाळ होतं. मी नखाने खरवडलं तर ते निघालं, आणि खाली टाकीचे घाव दिसले. पायथ्याशी मातीत जळून गेलेल्या उदबत्त्यांच्या काड्या खोचलेल्या होत्या.

मी तिथेच मातीत बसले. गोदामाचे राखणदार गणपतदादा पाणी घेऊन आले. ते दापोड्याचेच. हे गोदाम ज्या जमिनीवर उभं आहे ती कधीकाळी त्यांची भातशेती होती. त्या उदबत्त्या तुम्ही लावता का, असं मी विचारलं.

"मीच लावतो ताई," ते म्हणाले. "टेम्पोतून उतरवले तवाच कळलं, हे खरे हायत. नाटकातले न्हाय. कुणाचे तरी म्हातारेकोतारे असतील. उघड्यावर आणून ठेवले, तर निदान एक काडी लावावी."

मी उठून एकेक दगड वाचायला लागले. आवाबाई. इलोजी. मुसाजी आणि त्याची बायको रिबकाबाई, दोघांचा मिळून एक दगड. आमच्या आजोबा-पणजोबांची नावं अशीच असायची, बायबलमधली पण कोकणी वळणाची. सगळ्यात मागे एक दगड दोन तुकड्यांत आडवा पडला होता. वरच्या तुकड्यावर 'हसाजी दानियेल' एवढं वाचता येत होतं. खालच्या तुकड्यावर फक्त 'कर'. आमची आडनावं गावांवरून पडलेली. मधला गावाचा भाग जिथे होता तिथे दगडाचा नुसता चुरा झाला होता.

मी सायलीला बोलावलं आणि हा कसा फुटला ते विचारलं. तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "परवाच शॉट झाला, ताई. खलनायक लाथ मारतो तो."

निरंजन आला. त्याला अजून काही कळलं नव्हतं. तो मला मॉनिटरपाशी घेऊन गेला आणि अभिमानाने तो शॉट दाखवला. फायबरचा दगड पडला की आवाज पोकळ येतो, म्हणून जड दगड हवा होता, असं तो समजावून सांगत होता. पडद्यावर बूट आला, दगड हलला, कलला आणि दुसऱ्या दगडावर आदळला. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. मी त्याला दृश्य मागे न्यायला सांगितलं आणि दगड उभा असताना थांबवायला लावलं. तिथे पूर्ण आडनाव स्पष्ट दिसत होतं. हसाजी दानियेल कुठला, ते गाव आता फक्त त्या पडद्यावर उरलं होतं. रायगडच्या किनाऱ्यालगतचं ते एक लहान गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे आमचं एकच कुटुंब राहिलंय आणि त्यांना तिथेच राहायचं आहे.

मी निरंजनला सांगितलं की हे खऱ्या माणसांचे दगड आहेत. त्याला खरंच माहीत नव्हतं, असं मला त्याच्या तोंडाकडे पाहून वाटलं. पण सायली खाली बघत होती. ती म्हणाली, "जुने आहेत हे मला कळलं होतं. मला वाटलं, यांचं आता कुणी उरलं नसेल."

"मी आहे," मी म्हटलं.

बाहेर एक ट्रक मागे घेत होते, त्याची शिट्टी तेवढी वाजत राहिली.

पुढची बोलणी बराच वेळ चालली. हे दगड हलेपर्यंत मी एक अक्षर शिकवणार नाही, असं मी सांगितलं. निरंजनने शेवटी दगड द्यायचं कबूल केलं, सायलीने फायबरचे करून घ्यायची जबाबदारी घेतली. पण तो शॉट काढून टाकायला तो तयार झाला नाही. तुमच्या लोकांवर काय अन्याय झाला हे त्या शॉटमधूनच लोकांच्या मनाला लागेल, असं त्याचं म्हणणं. अन्याय दाखवायला त्याने तोच अन्याय पुन्हा केला, हे मी त्याला परोपरीने सांगून पाहिलं. त्याने ऐकून घेतलं आणि शॉट ठेवला. मालिका येईल तेव्हा तुम्ही कदाचित तो पाहाल. त्यात पडणारा दगड हसाजी दानियेलचा आहे, एवढं माहीत असू द्या.

मी त्या गावच्या दाऊदकाकांना फोन लावला. ते आमच्या लांबच्या नात्यातले. दफनभूमीचं नाव काढताच ते रडायला लागले. मुलाकडे मुंबईला औषधपाण्यासाठी गेले होते, महिनाभराने परतले तर दगड नव्हते आणि जागेला कुंपण होतं. जमीन कुणी कुणाला विकली याचा पत्ता त्यांना अजून लागलेला नाही. आता तिथे हिरवळ लावली आहे आणि लग्नं लागतात. "एस्तेर, वरात त्यांच्या अंगावरून जाते गं," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

भिवंडी, मग कामतघर

दगड ज्यांनी पुरवले ते हनीफभाई जुन्या सामानाचे व्यापारी. भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले. पूर्वी त्यांचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, होते, ते विकून आता ते जुनी दारं, खांब, फरशा विकतात. तिसऱ्या दिवशी सायली मला त्यांच्याकडे घेऊन गेली. वाटेत प्रत्येक गल्लीत लूमचा खडखडाट. माणसं शेजारी उभी राहूनही ओरडून बोलतात. कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात, रिक्षावाल्याच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या.

मी भांडायच्या तयारीने गेले होते. हनीफभाईंनी आधी बसायला सांगितलं. मी फोनवर काढलेले फोटो दाखवून हे थडग्यांचे दगड आहेत असं म्हटलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एका मुकादमाने जमीन साफ करताना निघालेला माल म्हणून ट्रकभर दगड आणून टाकले होते. त्यात जोत्याचे दगड होते, पायऱ्या होत्या आणि हे होते. मंदिराच्या पाट्या असतील असं त्यांना वाटलं.

"मराठी मला वाचता येतं, आपा," ते म्हणाले. "मी वाचलं नाही. वाचलं असतं तर घेतलं नसतं. माझाच गुन्हा आहे."

त्यांच्या बायकोने, झुबेदाबाईंनी, जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. ताटात तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातलं सुरमईचं कालवण आणि गोडाला सांदण. सायलीने आधी कळवलं असावं, मी दह्यादुधाचं विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं की कालवणात फक्त नारळ आहे. सांदण तर माझ्या आईच्या हातचं असावं असं. तांदूळ, नारळ, गूळ, सगळं तेच, तीच मऊ जाळी. कालपासून पहिल्यांदा माझे डोळे भरून आले, आणि तेही खाताना. झुबेदाबाईंनी ताटात आणखी एक सांदण वाढलं.

जेवण झाल्यावर हनीफभाईंनी ते फोटो पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाले की अजून एक आहे. एका दगडाचा कोपरा तुटलेला होता, सेटवाल्यांनी तो घेतला नाही. कामतघरला त्यांची चाळ आहे, तिथे त्यांनी तो नेऊन टाकला. कशासाठी, हे त्यांना सांगवत नव्हतं. तुम्हीच चला, म्हणाले.

चाळीच्या मागच्या मोरीजवळ लक्ष्मी कपडे धूत होती. तिचे सासू-सासरे तेलंगणातून लूमवर कामाला आले, ती लग्न होऊन आली. नवरा दिवसपाळीला. बाजूच्या झोळीत तान्हं मूल झोपलेलं. ती ज्या दगडावर कपडे आपटत होती तो साबणाने गुळगुळीत झाला होता, आणि अक्षरं वर होती.

हनीफभाईंनी तिला थांबायला सांगितलं. तिला वाटलं, आपल्या हातून काही चुकलं. ती हात पुसत उभी राहिली आणि मला म्हणाली, "मॅडम, अच्छा पत्थर है. ह्याच्यावर मळ लवकर निघतो."

मी वाकून वाचायला लागले. फेसाने भरलेल्या ओळी बोटाने पुसाव्या लागत होत्या. लक्ष्मीने काय लिहिलंय ते विचारलं. सांगावं की नाही असं मनात येऊन गेलं. पण तीच रोज त्याच्यावर हात टेकत होती, तेव्हा तिला कळायला हवं असं वाटलं. मी वाचून दाखवलं. सारा, इलोजीची सून. पहिल्या बाळंतपणात वारली. देव तिच्या बाळाला सुखी ठेवो.

लक्ष्मीने दगडाकडे पाहिलं. त्याच्यावर अर्धवट पिळलेलं लंगोट पडलं होतं. तिने ते पटकन उचललं आणि छातीशी धरलं. पाणी तिच्या साडीवर झिरपत होतं तरी तिला कळलं नाही.

"मी बच्चेचं सगळं ह्याच्यावरच धुतलं," ती म्हणाली. "पैदा झाला तेव्हापासून."

मी तिला म्हटलं की तुझी काहीच चूक नाही. तिने ते ऐकलं की नाही, सांगता येत नाही. तिने बादली रिकामी केली, नळाचं स्वच्छ पाणी भरून आणलं आणि दगडावर हळूहळू ओतलं, साबण पूर्ण जाईपर्यंत. मग पदराने पुसला. शेवटी ती हनीफभाईंना म्हणाली की घेऊन जा, पण आजच दुसरा दगड पाठवा, मला रोज धुवावं लागतं. हनीफभाईंनी लगेच फोन करून कडप्प्याची जाड लादी मागवली. ती उतरेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो.

निघताना

गावी दगड परत नेण्यात अर्थ नव्हता, तिथे त्यांना जागाच राहिली नव्हती. ठाण्याला आमची दफनभूमी आहे. तिथल्या जुन्या माणसांशी मी बोलले आणि त्यांनी भिंतीकडेला दगड ठेवून घ्यायचं मान्य केलं. चौथ्या दिवशी सकाळी हनीफभाई स्वतः टेम्पो घेऊन दापोड्याला आले. दगडांखाली त्यांनी घरातल्या जुन्या गाद्या अंथरल्या होत्या. गणपतदादांनी दगड चढवायला हात दिला. सायलीने हसाजींचे दोन तुकडे आणि मिळाला तेवढा चुरा एका पिशवीत भरून दिला. मी निरंजनचा निरोप घेतला नाही. आजीचं काम करणाऱ्या बाई मात्र गोदामाच्या दारापर्यंत आल्या. प्रार्थना चुकली तर फोन करीन, म्हणाल्या. मी करा म्हटलं.

ठाण्याला पोचलो तेव्हा आमचे सहाजण आले होते, सगळे साठीच्या पुढचे. कद्दीश ही मृतांसाठीची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात. आम्ही वाट पाहिली, आणखी दोघे आले, मग कुणीच आलं नाही. कद्दीश राहिली. मग मी प्रत्येक दगडापाशी उभी राहून नाव मोठ्याने वाचलं, आणि आमच्या रीतीप्रमाणे ज्याने-त्याने आठवणीचा एकेक खडा दगडावर ठेवला. साराचं नाव वाचताना माझा आवाज फुटला, ते शेजारच्या काकांनी पूर्ण केलं.

हनीफभाई फाटकापाशी चप्पल काढून उभे होते. दफनभूमीतून निघताना आम्ही हात धुतो, त्यांनीही धुतले. मी त्यांचे आभार मानायला गेले तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. भिंतीला टेकून ठेवलेल्या दगडांकडे ते बराच वेळ पाहत होते.

"आपा, दगड मी आणले," ते म्हणाले. "माणसं तिथेच राहिली."

दुपारी तिकडे त्या हिरवळीवर कुणाचं तरी लग्न असेल, असं मनात आलं. नळ चालूच राहिला होता, तो मी बंद केला आणि आम्ही बाहेर पडलो.